चौकशी न होणारी गल्ली

उमरेडला आमच्या घरात दोन हातमाग होते आणि पुढे पुढे दोन्हींवर कपडे वाळत असत. बाबांनी विणणं थांबवलं तेव्हा मी चौथीत होते. पुढची दीड वर्षं आम्ही कशी काढली ते सगळं लिहीत बसत नाही. एकच सांगते. आईने तिच्या लग्नातली साडी विकायला काढली. ती बाबांनी स्वतः विणलेली होती. घेणाऱ्या बाईने पदर उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हातमागाचीच आहे नं वं? मशीनची तं नाही?" बाबा तिथेच उभे होते. आई म्हणाली, "हातमागाची आहे," आणि पैसे घेतले.

मग आम्ही नागपूरला आलो. हुडकेश्वरला एक खोली घेतली. बाबांना धरमपेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात काम मिळालं. पांढऱ्या गादीवर बसून दिवसभर साड्या उलगडून दाखवायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. आई तीन घरी स्वयंपाक करायची. मी शिकत होते. बारावीनंतर कॉमर्सला प्रवेश मिळाला, पण कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन ऑटो बदलून जायचं म्हणजे पहिलं लेक्चर रोज बुडायचं. पहिलं वर्ष तसंच ढकलत काढलं. दुसऱ्या वर्षी बाबांनी ठरवलं की पोरीला जुनी का होईना, स्कूटी घेऊन द्यायची. बँकेने आम्हाला खुर्चीवरसुद्धा बसवलं नाही. तेव्हा कुणीतरी सांगितलं, हुडकेश्वरलाच हार्डवेअरच्या दुकानाच्या वर एक तरुण फायनान्सवाला बसतो, थोडा सनकी आहे, पण माणसाशी माणसासारखं बोलतो.

तो माणूस म्हणजे आमचे सर.

ते रविवारी दुपारी चौकशीला घरी आले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचे असतील, पण चालणं-बोलणं साठीच्या माणसाचं. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा आणि पायात प्लास्टिकच्या चपला. आई चटई घालत होती तोवर ते फरशीवर बसलेसुद्धा. पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढून म्हणाले, "काकूजी, पाणी याच्यात द्या. कर्ज घेणाऱ्याच्या घरचं भांडं मी खराब करत नाही." मग त्यांनी दाराशी पडलेल्या चपलांचे जोड मोजले आणि फॉर्म काढला.

"मूळ कुठले?"

"उमरेडचे," बाबा म्हणाले.

"उमरेडात कुठं?"

बाबांनी विणकरांच्या मोहल्ल्याचं नाव सांगितलं. सरांचा पेन थांबला. त्यांनी पेनला टोपण लावलं, फाइल बंद केली आणि उठले.

"झालं."

"काय झालं जी?" आई घाबरली.

"कर्ज झालं. उद्या सही कराले या."

ते गेले. बाबा कितीतरी वेळ दाराकडे पाहत होते. मी मात्र खूश. मी कॉलेजात सगळ्यांना सांगितलं की त्या माणसाने माझा चेहरा पाहिला आणि एकही प्रश्न न विचारता कर्ज दिलं. जामीनदार नाही, शेजारीपाजारी नाही, काही नाही. वर्षभर मी हा अभिमान मिरवला.

आता स्पष्टच सांगते. माझ्या चेहऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता. सरांनी कॉलेजात असताना त्याच मोहल्ल्यातल्या एका मुलीला जीव लावला होता आणि तिला स्वतःच्याच हाताने घालवलं होतं. तिच्या वडिलांसमोर उभं राहून "चुकलो" म्हणायचं राहून गेलं होतं, आणि ते राहिलेलं बोलणं हा माणूस रोज उशाशी घेऊन झोपत होता. पण हे मला फार उशिरा कळलं. आधी कळले ते त्यांचे बाकीचे चाळे.

स्कूटीचा शेवटचा हप्ता भरायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "इंग्रजीत पत्र लिहिता येते का तुले?" मी म्हटलं, येतं. "मंग उद्यापासून दुपारी ये. सकाळी कॉलेज. एक लेक्चर जरी बुडालं तं पगार कापन." आणि खरंच कापला एकदा. मी वाद घातला, तर म्हणाले, "तुह्या बापानं स्कूटी कॉलेजसाठी घेतली का माह्या ऑफिससाठी?"

ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक कूलर आणि वर जायचा जिना. जिना गच्चीवर निघायचा. हप्ता थकलेल्या लोकांना फोन करायचा तर तो गच्चीवरूनच आणि अनवाणी, असा सरांचा नियम होता. एप्रिल-मे महिन्यात नागपूरची गच्ची म्हणजे काय असते, ते नागपूरकराला सांगायला नको. वर ते या पायावरून त्या पायावर उड्या मारत बोलायचे आणि खाली माझ्या डोक्यावर धपधप ऐकू यायचं. "भाऊ, मंगळवार म्हणले होते तुम्ही... हाव... हाव... पुढचा मंगळवार का? ठीक आहे!" की फोन बंद.

मी एकदा विचारलं, "सर, हे काहून करता?"

"पाय भाजले की माणूस लांबवत नाही. लांबवलं की तोंडून शिवी निघते. समोरच्याची अडचण असते, त्याले शिवी कायले द्यायची?"

"आणि हिवाळ्यात?"

त्यांनी थोडा विचार केला. "हिवाळ्यात लोक तसेही वेळेवर देतात."

ते कुणाला "नाही" म्हणत नसत. "पाहू" म्हणाले की काम झालं समजायचं. "नक्की करू, एकदम नक्की" म्हणाले की विषय संपला. नवीन लोक "नक्की" ऐकून पेढे वाटायचे आणि मग मला त्यांना जिन्यात गाठून समजवावं लागायचं.

कर्जावर दिलेल्या गाड्यांना ते पोरीबाळींसारखं विचारायचे. रस्त्यात कुणी भेटला की, "कशी आहे आपली? सर्दी गेली का?" म्हणजे थंडीत स्टार्ट होते का. दोन-तीन वेळा हप्ते अगदीच बंद पडले म्हणून गाडी उचलून आणायची वेळ आली. त्यासाठी ते माणूस पाठवत नसत. स्वतः जात, मालकाच्या घरी बसून पाणी पीत, गाडी घेऊन येत, खालच्या नळावर तिला धुवून काढत आणि वर कापड टाकून ठेवत. पैसे भरून मालक न्यायला आला की टाकीत पेट्रोल असायचं. "माहेरी आली होती, उपाशी कशी पाठवू?" एका ऑटोवाल्याने तर मला विचारलं होतं, "ताई, सर्व्हिसिंगसाठी दोन महिने हप्ता थकवला तं चालन का?"

आणखी एक. नागपुरात राहून हा माणूस पोहे खात नव्हता. रविवारी सकाळी मला आणि आलेल्या-गेलेल्यांना ठेल्यावर न्यायचा, तर्री-पोहे चारायचा, आणि स्वतः नुसता तर्रीचा रस्सा वाटीत घेऊन चण्यांशी खेळत उभा राहायचा. ठेलेवाला चिडवायचा, "साहेब, पोह्यांनी तुमचं काय घोडं मारलं?" सर म्हणायचे, "पोह्यांनी नाही गा," आणि दुसराच विषय काढायचे.

फायली लावताना मला ते दिसलं. प्रत्येक फाइलमध्ये चौकशीचा एक कागद असे. घराचा पत्ता, विजेचं मीटर, शेजारी काय म्हणाले, सगळं सरांच्या बारीक अक्षरात. फक्त उमरेडच्या त्या एका मोहल्ल्याच्या तेवीस फायलींमध्ये तो कागद नव्हता. आमची फाइल त्यात होती.

मी तडक त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. "म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता तुम्ही? गल्लीचं नाव ऐकून गाडी दिली?"

"हाव."

"मग मला सांगायचं तरी. मी वर्षभर कॉलेजात छाती फुगवून सांगत फिरले."

"तं फुगव नं. कोण म्हणते नको फुगवू?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "गाडी गल्लीच्या नावावर भेटली, मान्य. नोकरी तुह्या नावावर भेटली. आता पत्र टाइप कर." त्या गल्लीचं गौडबंगाल काय, ते मात्र बोलले नाहीत. जगातल्या कुठल्याही विषयावर बोलणारा माणूस, पण उमरेड म्हटलं की तोंड बंद.

माझ्या शेवटच्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली होती. दुपारी सर गच्चीवर फोन करत होते आणि जिन्यावरून एक म्हातारे गृहस्थ वर आले. पांढरा पायजमा-शर्ट, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी खुर्चीचं कापड चिमटीत धरून पाहिलं. विणकर, हे मी तिथेच ओळखलं. आमचे बाबाही असंच करतात.

त्यांना तसर सुतासाठी कर्ज पाहिजे होतं. करवतकाठी साड्यांची मोठी ऑर्डर मिळाली होती, माग तयार होते, सुताला पैसा नव्हता. पत्ता विचारला, तर तोच, आमचा मोहल्ला; लहानपणीच सुटलेला, म्हणून मी त्यांना ओळखलं नव्हतं.

"मग काही काळजी नाही, बाबाजी," मी म्हटलं, "इथं सही करा. तुमच्या गल्लीची चौकशी लागत नाही."

त्यांनी पेन घेतला नाही. "काहून लागत नाही?"

"सरांचा नियम आहे."

"ऐकून आहो मी तो नियम. अख्खा मोहल्ला हसते. खैरात वाटून राहिला का तुहा सर? बोलाव त्याले."

बोलवायची गरज पडली नाही. सर गच्चीवरून उतरतच होते, अनवाणी, लालबुंद झालेले पाय पायरीवर टेकवत. मधल्या पायरीवर त्यांची नजर म्हाताऱ्यांकडे गेली आणि ते तिथेच थांबले.

म्हातारे म्हणाले, "चप्पल घाल बापा. पाय भाजले असतीन."

सरांनी चप्पल घातली नाही. "बाबाजी, कर्ज मंजूर आहे," ते कसेबसे म्हणाले.

"माही चौकशी कर. त्याच्याशिवाय मी पैसा घेत नाही."

"तुमची चौकशी मी नाही करू शकत."

"काहून? तेव्हा तं केली होती."

सर खाली बघत म्हणाले, "तेव्हा चुकलं."

"चुकलं तं आता नीट कर. उद्या ये. त्याच दुकानात. पण मांगून नाही, माह्या समोर. अन् मोठ्यानं विचार, गल्लीले ऐकू गेलं पाहिजे." ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि मला म्हणाले, "पोरी, तू बी ये संगं. हा मधातून पळून जाईन."

ते गेल्यावर सर माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी ते पिऊन टाकलं आणि एकदम बोलायला लागले. मी तुकड्यातुकड्याने ऐकलं, इथे सलग लिहिते.

सरांचे वडील लहानपणीच गेले. धरमपेठेत त्यांच्या काकांचा फायनान्सचा धंदा होता, तिथेच ते वाढले. सतराव्या वर्षापासून काकांनी त्यांना चौकशीला पाठवायला सुरुवात केली. काकांची पद्धत ठरलेली होती. कर्ज मागणाऱ्याच्या घरी जायच्या आधी त्याच्या किराणा दुकानात जायचं. उधारी किती, कधी देतात, घरात भांडणं होतात का, सगळं काउंटरवरच कळतं. घरी गेलं की लोक चांगलं तेच दाखवतात.

ती मुलगी त्यांच्या वर्गात होती. उमरेडहून रोज एसटीने यायची. सरांचं घर धरमपेठेत, कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर. तरी त्यांनी नागपूर-उमरेडचा मासिक पास काढला. रोज संध्याकाळी तिच्यासोबत उमरेडपर्यंत जायचं, ती उतरली की त्याच बसने परत यायचं. कंडक्टर विचारायचा, "काहून बे, तुहं गाव तरी कोणतं?" बसमध्ये ते काय बोलायचे? "अकाउंट्स," सर म्हणाले. "ती मले बॅलन्सशीट शिकवत होती. मी फायनान्सवाल्याच्या घरचा, पण मले येत नव्हतं. तिचं डोकं लय तेज." एकदा बस मध्येच बंद पडली तेव्हा दोघं दीड तास झाडाखाली बसले होते. त्या दीड तासात तिने त्यांना विचारलं की पुढे काय करायचं ठरवलंय. सर म्हणाले, "तुले विचारून सांगतो." एवढंच. त्यांच्या मते हेच लग्नाचं विचारणं होतं, आणि तिलाही ते तसंच समजलं होतं.

ती घरी बोलली. वडील म्हणाले, पोराला रविवारी येऊ दे, पाहू. सरांनीही काकांना सांगितलं. काका म्हणाले, घर पाहून ये.

"आता मले सांग," सर मला म्हणाले, "चार वर्षं मी हेच करून राहिलो होतो. घर पाहून ये म्हटलं की माहे पाय कुठं जातीन?"

पाय किराणा दुकानाकडे गेले. गल्लीच्या तोंडाशीच दुकान होतं. एकवीस वर्षांचा हा पोरगा नवीन शर्ट घालून, हातात पेढ्यांचा डबा घेऊन काउंटरवर उभा राहिला आणि सवयीने विचारलं, "ते कोपऱ्यातलं घर कसं आहे हो? उधारी वेळेवर देतात का?" दुकानदाराने सगळं चांगलंच सांगितलं. आणि सर पुढे वळून पानठेल्यावर जाईपर्यंत मागच्या दाराने जाऊन त्या घरीही सांगितलं की पाव्हणे चौकशी करून राहिले.

सर घरी पोचले. तिच्या वडिलांनी, म्हणजे याच बाबाजींनी, हात धरून आत बसवलं, पाणी दिलं, पोह्यांची बशी समोर ठेवली. पूर्ण खाईस्तोवर एक शब्द बोलले नाहीत. बशी रिकामी झाल्यावर म्हणाले, "झालं खाऊन? आता ऐक. माह्या पोरीचा भाव तू दुकानात जाऊन विचारला. आमच्या घरात उधारी आहे, ते खरं आहे. पण पोरगी उधारीत नाही देत आम्ही. जा."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "वर्षभर बसमध्ये बाजूले बसला तू. मी कशी आहो ते तुले दुकानदाराले विचारा लागलं?"

"वडिलांचं मी समजू शकलो असतो," सर म्हणाले. "पाय धरले असते. पण तिले काय उत्तर देऊ? तिचं बरोबर होतं."

तिने कॉलेज बदललं. दीड वर्षाने तिचं लग्न झाल्याचं सरांनी कुणाकडून तरी ऐकलं. ते काकांच्या धंद्यातून बाहेर पडले आणि हुडकेश्वरला, उमरेड रोडच्या जवळ, ही खोली घेतली. त्या मोहल्ल्यातून कुणीही आलं की चौकशी न करता कर्ज द्यायचं, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. "त्या गल्लीत पुन्हा कोणाच्या घराबद्दल विचारायचं तोंड नाही माहं," असं म्हणून त्यांनी मला विचारलं, "उद्या गेलो नाही तं?"

"तर मी एकटी जाईन," मी म्हटलं. "आणि तुम्ही पळालात असं सांगेन."

"तू लय भैताड पोट्टी आहेस."

"हाव."

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटीवर गेलो. सर मागे बसले होते, फॉर्म मांडीवर धरून. रस्ताभर एक शब्द नाही. उमरेड आलं तसं त्यांनी मला दोनदा गाडी थांबवायला लावली. एकदा पाणी प्यायला आणि एकदा उगाच.

म्हातारे दुकानासमोर उभेच होते. बाजूला पाच-सात माणसंही जमलेली. दुकानदार तोच, फक्त केस पिकलेले. सरांना पाहून तो काउंटरच्या मागे अर्धा उठला. "अरे, तू तोच का बे, पेढेवाला? मी तं फक्त पाव्हणे आले म्हणून सांगाले गेलो होतो गा. मले काय मालूम असं होईन म्हणून!" तोही बिचारा इतकी वर्षं ते मनात धरून बसला होता.

"ते जाऊ दे," म्हातारे म्हणाले. "विचार रे. मोठ्यानं."

सरांनी फॉर्म उघडला. म्हाताऱ्यांनी त्यांच्या बाजूला, खांद्याला खांदा लावून उभं राहून कॉलम बोटाने दाखवला. "हे विचार पहिले."

"हे... हे गृहस्थ तुमच्याकडून किराणा घेतात का?"

"जोरानं!"

"हे गृहस्थ तुमच्याकडून किराणा घेतात का?"

"घेतात," दुकानदारही ओरडून म्हणाला. "तीस वर्षांपासून!"

"उधारी राहते का?"

"राहते! दिवाळीच्या आधी फिटते!"

"सांग, मागल्या साली नाही फिटली," म्हातारे मध्येच म्हणाले. "खोटं कायले सांगतो? संक्रांतीले फिटली."

"हाव, संक्रांतीले," दुकानदाराने दुरुस्ती केली. लोक हसायला लागले. सरांनी लिहिलं, "संक्रांतीला फिटली." मग मीटर, मागांची संख्या, घरातली माणसं, सगळं ओरडून विचारून झालं. प्रत्येक उत्तरावर म्हातारे मान हलवत होते किंवा अडवत होते. शेवटी त्यांनी फॉर्म हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला आणि खिशातून स्वतःचा पेन काढून सही केली.

"आता माहं ऐक," ते सरांना म्हणाले. "तुह्याकडे यायच्या आधी मी दोन दिवस हुडकेश्वरले होतो. तुह्या खालच्या हार्डवेअरवाल्याले विचारलं. पानठेल्यावर विचारलं. एका ऑटोवाल्याले विचारलं. सगळे म्हणते, माणूस सनकी आहे, पण कोणाची इज्जत नाही काढत. मंग आलो मी."

त्यांनी पेन परत खिशात ठेवला.

"तू त्या दिवशी माही चौकशी केली म्हणून मी चिडलो. बरोबर चिडलो, अजून बी म्हणतो. पण मी तुह्याबद्दल एका माणसाले विचारलं नाही. पोहे चारले अन् हाकलला. पोरगी देत नाही म्हणायच्या आधी विचाराले पाहिजे होतं मी. ते माहं चुकलं."

सर खाली वाकले. पाया पडायला वाकले असं मला वाटलं, पण म्हाताऱ्यांनी त्यांना मध्येच दंडाला धरून उभं केलं. "ते नको. उभा राह्य."

"बाबाजी, चुकलं माहं," सर म्हणाले. तेवढ्या तीन शब्दांसाठी त्यांनी इतकी वर्षं घेतली होती.

"मालूम आहे." म्हाताऱ्यांनी टोपी नीट केली. "पोरगी भंडाऱ्याले आहे. मास्तरीण आहे, गणित शिकवते. एक पोट्टी आहे तिले. मजेत आहे."

"मी विचारलं नाही, बाबाजी."

"म्हणून सांगतलं."

परतताना सरांनी स्कूटी स्वतः चालवली. हुडकेश्वर येईपर्यंत ते बडबडत होते, गाडीचा ब्रेक, माझी परीक्षा, रस्त्यातले खड्डे, काय वाट्टेल ते. ऑफिसात आल्यावर त्यांनी मला नवा नियम लिहून घ्यायला सांगितला. यापुढे चौकशी सगळ्यांची, उमरेडचीही. पण कर्ज घेणाऱ्याला सोबत उभं करून, त्याच्या देखत. त्याच्या पाठीमागे एक प्रश्नही विचारायचा नाही. मी म्हटलं, "लोक खरं सांगतील का समोर?" सर म्हणाले, "समोर जे सांगतीन त्याच्यावरच धंदा करू. कमी झाला तं कमी."

धंदा कमी झाला नाही. बाबाजींचं कर्ज त्याच आठवड्यात मंजूर झालं आणि ठरलेल्या मुदतीच्या आधी फिटलं. दोन वर्षांनी सरांचं लग्न झालं. मी त्या परीक्षेत पास झाले. बी.कॉम., पहिला वर्ग, आमच्या घराण्यात पदवी घेणारी पहिली. सरांनी आता दुसरं ऑफिस काढलं आहे, आणि हुडकेश्वरचं ऑफिस मी चालवते. तिथल्या प्रत्येक कर्जाची चौकशी समोरासमोर होते, आणि मंजुरीची सही माझी असते.